मऊ पाण्याचा हिशेब मातीपर्यंत मांडावा

महाबळेश्वरी उगम पावणाऱ्या कृष्णेचे काही पाणी शेवटी चेन्नईच्या नळाला येते, ही गोष्ट महाराष्ट्रातील पुष्कळांच्या ध्यानी नसते. १९७६ च्या करारानुसार महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ अब्ज घनफूट पाणी त्या वेळच्या मद्रासच्या तहानेसाठी देण्याचे मान्य केले. तेलुगू गंगा योजनेच्या कालव्यातून ते पाणी १९९६ मध्ये प्रथम तेथे पोहोचले. पूंडी, चोळवरम, पुळल व चेंबरमबाक्कम हे चार जलाशय, दक्षिणेकडील वीराणम तलाव, आणि २०१० पासून मिंजूर व २०१३ पासून नेम्मेली येथील समुद्रजल गोडे करणारे प्रकल्प, एवढा पसारा असूनही शहराच्या फार मोठ्या भागाचे दैनंदिन व्यवहार कूपनलिकेवर आणि टँकरवर चालतात. जून २०१९ मध्ये हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे अनेकांना स्मरत असेल.

कूपनलिकेचे आणि टँकरचे हे पाणी बहुधा जड असते. शालेय पुस्तके त्याला दुष्फेन म्हणतात. नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, गिझर लवकर निकामी होतो, साबणाला फेस येत नाही. मग घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो: पाणी मऊ करणारे यंत्र, म्हणजे वॉटर सॉफ्टनर, बसवावे की नाही? हा प्रश्न आता चेन्नईपुरता राहिलेला नाही. सोलापूर, सांगली, मराठवाडा येथील खोल कूपनलिकांवर अवलंबून असलेल्या शेतकरी कुटुंबांपुढेही तो उभा आहे आणि कृषी विस्तार कार्यकर्त्याला बांधावर त्याचे उत्तर द्यावे लागते. या प्रश्नाचा हिशेब घरच्या उंबरठ्यावर थांबवून चालणार नाही, तो मातीपर्यंत न्यावा लागेल. तसा नेल्यास बहुतेक घरांसाठी उत्तर ‘नाही’ असे येते, आणि काही घरांसाठी ‘होय, पण मर्यादित’ असे येते.

यंत्र नेमके काय करते?

पाण्याचा जडपणा मुख्यतः कॅल्शियम व मॅग्नेशियम यांमुळे येतो. यंत्रातील रेझिनचे बारीक मणी हे दोन घटक धरून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात पाण्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाचे दाट द्रावण त्यांतून सोडावे लागते. तेव्हा कॅल्शियम व मॅग्नेशियम धुऊन निघतात आणि मणी पुन्हा सोडियमने भरतात. या क्रियेत पाण्यातील क्षार नाहीसे होत नाहीत, त्यांची केवळ अदलाबदल होते. १ मि.ग्रॅ. जडपणा गेला की सुमारे ०.४६ मि.ग्रॅ. सोडियम पाण्यात येते. एकूण विद्राव्य क्षार जवळजवळ तेवढेच राहतात.

यातून पहिला निष्कर्ष निघतो. पाणी खारट किंवा मचूळ असेल तर हे यंत्र निरुपयोगी आहे. चेन्नईच्या उत्तरेस मिंजूर परिसरात अतिउपशामुळे समुद्राचे पाणी भूजलात शिरल्याची नोंद १९६० च्या दशकापासून आहे. दक्षिण किनाऱ्यावरील कूपनलिकांनाही तोच धोका आहे. विदर्भातील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्याची कथा निराळी असली तरी तेथेही भूजलात सोडियमयुक्त क्षारांचे प्राबल्य आहे. अशा ठिकाणी जडपणा काढून चव सुधारत नाही, आणि पाण्यात आधीच सोडियम मुबलक असल्याने रेझिनची कार्यक्षमताही उतरते. पिण्यासाठीचे आर.ओ. यंत्र आणि सॉफ्टनर या दोन भिन्न वस्तू आहेत, हे ग्राहकाला सांगणे हे विस्तार कार्यकर्त्याचे पहिले काम ठरते.

चुंबक किंवा विद्युत लहरींवर चालणारी ‘मीठविरहित’ उपकरणेही विकली जातात. त्यांतून गेलेल्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी केल्यास कॅल्शियम व मॅग्नेशियम होते तेवढेच आढळते. त्या उपकरणाला मऊ करणारे यंत्र म्हणणे योग्य नव्हे.

जडपणा किती, हे आधी मोजावे

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आय.एस. १०५००:२०१२) एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा २०० मि.ग्रॅ./लिटर असून दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत मुभा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. म्हणजे जड पाणी हा प्रामुख्याने गैरसोयीचा व खर्चाचा विषय आहे. त्वचेच्या विकारांचे भय दाखवून यंत्रे खपवली जातात. परंतु ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत घरी सॉफ्टनर बसवल्याने नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक लाभ आढळला नाही.

ज्या शेतकऱ्याने ओलिताच्या पाण्याचे परीक्षण करून घेतले आहे त्याला जडपणासाठी वेगळी तपासणी करण्याची गरज नाही. अहवालात कॅल्शियम व मॅग्नेशियम मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये दिलेले असतात. त्यांच्या बेरजेला ५० ने गुणले की जडपणा मिळतो. बेरीज १२ असेल तर जडपणा ६०० मि.ग्रॅ./लिटर. हे एवढे गणित गावातील कोणत्याही घराला पाच मिनिटांत करून देता येते.

चेन्नईत मात्र एकदा मोजून भागत नाही. तेथील पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मान्सूनमध्ये पडतो. पावसानंतरचे भूजल विरळ होते, मे महिन्यातील दाट असते. शिवाय एकाच इमारतीत कधी महानगर जलमंडळाचे, कधी कूपनलिकेचे, तर कधी टँकरचे पाणी येते. तलावाचे पाणी तुलनेने मऊ, समुद्रातून गोडे केलेले त्याहून मऊ, आणि टँकरचे पाणी ज्या विहिरीतून आले तिच्यासारखे. मे व डिसेंबर अशा दोन तपासण्या केल्याशिवाय यंत्राचा आकारही ठरवता येत नाही.

एका घराचा हिशेब

चार माणसांचे घर आणि माणशी रोज १३५ लिटर हे शहरी प्रमाण धरले, तर ५४० लिटर पाणी लागते. जडपणा ६०० वरून १०० वर आणायचा असेल तर रोज २७० ग्रॅम जडपणा काढावा लागेल. रासायनिक समीकरणानुसार त्यासाठी ३१६ ग्रॅम मीठ पुरेसे असते. परंतु प्रत्यक्ष घरगुती यंत्रात त्याच्या दुपटीच्या आसपास, कित्येकदा त्याहून अधिक मीठ लागते. दुप्पट धरले तरी रोज सुमारे ६३० ग्रॅम, म्हणजे वर्षाला २३० किलो मीठ. उदाहरणादाखल मिठाचा भाव किलोला १५ रुपये, यंत्राची किंमत ४०,००० रुपये आणि आयुष्य १० वर्षे धरल्यास वर्षाचा खर्च मिठाचे सुमारे ३,४५० व यंत्राचे ४,००० असा साडेसात हजारांच्या घरात जातो. रेझिन बदलणे, दुरुस्ती आणि मणी धुण्यात वाया जाणारे पाणी निराळे. आपल्या गावचे भाव घालून हेच गणित प्रत्येकाने करावे.

दुसऱ्या पारड्यात काय पडते? गिझरची कांडी, तोट्या, साबण व कपडे यांवरील बचत. ही बचत खरी आहे, पण तिचा बराच भाग स्वस्त मार्गांनीही साधतो. पारंपरिक साबण जड पाण्यात फार वाया जातो: ६०० मि.ग्रॅ. जडपणाच्या २० लिटरच्या बादलीतील सर्व जडपणा साबणानेच बांधायचा म्हटले तर ७० ग्रॅमहून अधिक साबण खर्ची पडेल. तेच काम सुमारे १३ ग्रॅम धुण्याचा सोडा करतो. आजच्या बहुतेक कपडे धुण्याच्या भुकट्यांत सोड्यासारखे घटक असतातच. गिझरचे तापमान ५० ते ५५ अंशांवर ठेवले तर थर कमी बसतो, आणि बसलेला थर लिंबूसत्त्वाच्या द्रावणाने वर्षातून एक-दोनदा काढता येतो.

यंत्र घ्यायचेच ठरले तर सर्व पाणी त्यातून नेणे हा अपव्यय आहे. १३५ लिटरपैकी शौचालयास ३० आणि फरशी पुसण्यास १० लिटर लागतात. त्यांना मऊ पाणी नको. पिण्याच्या व स्वयंपाकाच्या १० लिटरांत सोडियम वाढवणे रक्तदाबाच्या रुग्णांसाठी तर विशेष टाळावे. अंघोळ, कपडे व भांडी यांचे ८५ लिटर उरतात. तेवढ्याच वाहिनीवर यंत्र बसवले तर मीठ वर्षाला १४५ किलोवर येते. फक्त गिझर व कपडे धुण्याच्या यंत्रापुरते ठेवले तर त्याहूनही कमी. यंत्र मोठे असावे हा विक्रेत्याचा आग्रह असतो. लहान असावे हे ग्राहकाच्या आणि जमिनीच्या हिताचे आहे.

हे मीठ जाते कोठे?

या हिशेबात सहसा न मांडला जाणारा खर्च येथून सुरू होतो. वर्षाचे २३० किलो मीठ घरात आले तेवढेच घराबाहेर जाते. शंभर सदनिकांच्या संकुलात ते २३ टन होते. मैलापाणी शुद्धीकरणाच्या नेहमीच्या पद्धतीत सेंद्रिय घाण कुजवून काढली जाते. विरघळलेले मीठ त्यातून जसेच्या तसे पार होते. ५४० लिटर पाण्यामागे ६३० ग्रॅम मीठ म्हणजे प्रत्येक लिटर सांडपाण्यात सुमारे १,१७० मि.ग्रॅ. क्षारांची भर पडते. चेन्नईतील पुष्कळ मोठ्या संकुलांची स्वतःची मैलाशुद्धी केंद्रे आहेत आणि त्यांचे पाणी बागेला दिले जाते.

बागेच्या दृष्टीने याचा अर्थ काय, हे शेतीच्या वाचकांना परिचित असलेल्या मापाने पाहता येईल. मूळ पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम मिळून १२ आणि सोडियम ६ मिलिइक्विव्हॅलंट असेल, तर सोडियम शोषण गुणोत्तर सुमारे २.५ येते, ते निर्धोक आहे. यंत्रातून गेल्यावर पहिली संख्या २ आणि दुसरी १६ होते, आणि गुणोत्तर थेट १६ वर जाते. त्याच पाण्यात बायकार्बोनेट ६ असेल तर शेष सोडियम कार्बोनेट उणे ६ वरून अधिक ४ होते, आणि २.५ च्या वरचे पाणी ओलितास अयोग्य मानले जाते. धुण्याचे खारे पाणी आणि घरातील सांडपाणी एकाच गटारात मिसळले तर कॅल्शियम परत येतो खरा, पण वाढीव मिठामुळे गुणोत्तर १० च्या वर राहतेच. चांगले पाणी विकत घेतलेल्या यंत्राने बिघडवून बागेला दिल्यासारखे ते होते. पानांच्या कडा करपणे, पाणी न मुरणे, वर कडक पापुद्रा धरणे, ही चोपण जमिनीची लक्षणे मग कुंड्यांत व परसबागेत दिसू लागतात आणि दोष खताला दिला जातो.

हा धोका कल्पनेतील नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता क्लॅरिटा खोऱ्यात घरोघरच्या सॉफ्टनरमधील क्लोराइड शुद्धी केंद्रातून सांता क्लारा नदीत जात होते आणि खालच्या अंगाला ॲव्होकाडो व स्ट्रॉबेरी यांसारखी क्षारांना नाजूक पिके घेणाऱ्या शेतकऱ्यांना त्याची झळ पोहोचण्याची भीती होती. २००३ मध्ये तेथे अशी नवी यंत्रे बसवण्यास बंदी आली आणि २००८ मध्ये मतदारांनी जुनीही काढून टाकण्याचा नियम मंजूर केला. वरच्या अंगाच्या घरांची सोय आणि खालच्या अंगाचे शेत एकाच नदीने जोडलेले आहेत, हे तेथे कायद्याने मान्य झाले. महाराष्ट्रात शहरांचे सांडपाणी ज्या ओढ्या-नद्यांतून शेतीला जाते तेथे ही जाणीव आधीच ठेवलेली बरी. सांगली-कोल्हापूर भागातील क्षारपड जमिनींनी एकदा साचलेले मीठ काढणे किती महाग पडते हे पुरेसे शिकवले आहे.

शेतासाठी तर मुळीच नको

ठिबकच्या तोट्या चुनखडीने बुजतात म्हणून सॉफ्टनर बसवावा का, अशी विचारणा अधूनमधून होते. एका एकराला रोज ४ मि.मी. पाणी म्हणजे सुमारे १६,००० लिटर. त्यातून लिटरमागे ५०० मि.ग्रॅ. जडपणा काढायचा तर रोज ८ किलो क्षार काढावे लागतील आणि त्यासाठी १९ किलोच्या आसपास मीठ जाळावे लागेल. हा खर्च तर अव्यवहार्य आहेच, पण त्याहून मोठी चूक म्हणजे जमिनीचे कण धरून ठेवणारा कॅल्शियम काढून तेथे कण विस्कटणारे सोडियम घालणे. जिप्सम टाकून शेतकरी जो कॅल्शियम विकत घेतो तोच येथे तो गटारात सोडेल. ठिबकवर उपाय आम्लप्रक्रियेचाच आहे. सामू पाहून ठरवलेल्या मात्रेत आम्ल सोडले की बायकार्बोनेट फुटतो, तोट्या मोकळ्या होतात आणि कॅल्शियम जमिनीला मिळतो.

फवारणीचा प्रश्न वेगळा आहे. २,४-डी अमाईन व ग्लायफोसेट यांसारख्या तणनाशकांची परिणामकारकता फार जड पाण्यात घटते, आणि काही पायसी द्रव औषधे फाटतात. परंतु फवारणीला लागणारे पाणी थोडे असते. साठवलेले पावसाचे किंवा कालव्याचे पाणी वापरणे, अथवा लेबलवरील शिफारशीप्रमाणे अमोनियम सल्फेट मिसळणे, एवढ्याने काम भागते.

पावसाचे पाणी हा पहिला पर्याय

पावसाइतके मऊ पाणी कोणतेही यंत्र देत नाही आणि त्याला मीठ लागत नाही. तमिळनाडूने २००३ मध्ये इमारतींना पाऊसपाणी संकलन सक्तीचे केले. त्याआधी २००२ मध्ये शेखर राघवन यांच्या पुढाकाराने चेन्नईत रेन सेंटर उभे राहिले आणि सामान्य घरमालकाला हे तंत्र प्रत्यक्ष पाहता येऊ लागले. चेन्नईत वर्षाला सरासरी १,४०० मि.मी.च्या आसपास पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छतावरून २० टक्के तूट धरली तरी १,१२,००० लिटर पाणी मिळू शकते. वर धरलेल्या चार माणसांच्या घराला ते दोनशेहून अधिक दिवस पुरेल. अर्थात हे पाणी मोजक्या आठवड्यांत येते, सगळे साठवता येत नाही, आणि बहुमजली इमारतीत छताचा वाटा अनेकांत विभागला जातो. म्हणून जे साठवता येईल ते अंघोळ व कपड्यांसाठी, आणि उरलेले विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पुनर्भरणासाठी, असा क्रम योग्य होय. पुनर्भरणाने भूजलातील क्षार विरळ होतात. तो लाभ एका घरापुरता राहत नाही, शेजाऱ्यालाही मिळतो. ४०,००० रुपये खर्चण्याची तयारी असलेल्या कुटुंबाने ते आधी छताच्या पन्हाळीवर, गाळणीवर व टाकीवर खर्च करून एक वर्ष पाहावे, आणि नंतरच यंत्राचा विचार करावा.

मराठवाडा-सोलापूरच्या कमी पावसाच्या भागात हा आकडा निम्म्याच्या आसपास येईल. तरीही ५०,००० लिटर मऊ पाणी ही काही थोडी गोष्ट नव्हे.

कोणी घ्यावे, कोणी नाही

ज्याचा जडपणा ३०० च्या आत आहे त्याने यंत्र घेऊ नये. सोडा, लिंबूसत्त्व व गिझरचे तापमान एवढ्याने त्याचे भागते. ३०० ते ६०० दरम्यान आधी पाऊसपाणी पाहावे. ६०० च्या वर दुसरा स्रोत नसेल, सौर पाणीतापक किंवा बॉयलर वारंवार बंद पडत असेल, किंवा वसतिगृह, रुग्णालय, उपाहारगृह यांसारखा मोठा गरम पाण्याचा वापर असेल, तर यंत्र खर्चाला परवडते. मात्र ते केवळ गरम पाण्याच्या व धुण्याच्या वाहिनीवर असावे. मणी ठराविक दिवसांनी धुणारे यंत्र टाळून वापरलेल्या पाण्याच्या मोजमापावर धुणारे घ्यावे, म्हणजे मीठ कमी लागते. पाणी १०० मि.ग्रॅ.च्या खाली आणण्याचा हट्ट धरू नये. मऊ पाणी आणि मणी धुतलेले खारे पाणी परसबागेत, शोषखड्ड्यात किंवा विहिरीजवळ कधीही सोडू नये. खेड्यात गटाराची सोय नसेल आणि सांडपाणी केळी-आळूच्या वाफ्यात जात असेल, तर एवढ्या एका कारणासाठी यंत्र नाकारणे शहाणपणाचे ठरेल.

चेन्नईभोवतीच्या गावांतील शेतविहिरींचे पाणी टँकरने शहरात जाते. तेच पाणी घराघरांतून मीठ घेऊन बाहेर पडू लागले तर त्या गावांनी दिले काय आणि त्यांच्या वाट्याला आले काय, हा प्रश्न उरतो. नळावरचा पांढरा थर दिसतो आणि खुपतो. मातीत साचणारे सोडियम पीक हातचे जाईपर्यंत दिसत नाही. म्हणून कोणत्याही घराने यंत्राची चौकशी केली की विस्तार कार्यकर्त्याने त्याला किमतीआधी दोन गोष्टी विचाराव्यात: पाण्याचा अहवाल आहे का, आणि घरातले सांडपाणी जाते कोठे? या दोहोंची उत्तरे मिळाल्यावर यंत्र घ्यावे की नाही हे बहुतेक वेळा वेगळे सांगावे लागत नाही.